‘आज दिवसभर बसलो’ : कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांचे कारखानदार, प्लांट मॅनेजर, एचआरवाले आणि वागळे इस्टेटातले गाळेमालक यांस,

स. न. वि. वि.

मी रबाळ्याजवळच्या एका शाळेत नववी-दहावीला व्यवसाय शिक्षण शिकवते. विषयाचं नाव मल्टी स्किल. वेल्डिंगपासून वायरिंगपर्यंत आणि मातीपरीक्षणापासून रक्तगट तपासण्यापर्यंत सगळं थोडं थोडं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली हाताला काम देऊन शिकवण्याचा जो प्रयोग सुरू केला, त्याच घराण्यातला हा विषय. शाळेत येण्याआधी सात वर्षं मी पावण्यातल्या एका कंपनीत क्वालिटीला होते. त्यामुळे गेटच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत, एवढ्या हक्काने हे लिहितेय.

मे महिन्यात शाळेचं कपाट आवरताना गेल्या वर्षी तुमच्या कारखान्यांत झालेल्या इंटर्नशिपच्या वह्या सापडल्या. चोवीस मुलं, प्रत्येकाचे दहा दिवस, रोज ‘आज मी काय केले’ या मथळ्याखाली चार रेघा. त्या वेळी मी त्यांवर तारीख टाकून सही केली होती, म्हणजे वाचल्या नव्हत्या. या वेळी पंखा लावून खाली सतरंजीवर बसले आणि मराठीच्या बाईंसारखं लाल पेन घेऊन क्रियापदांखाली रेघा मारत गेले. बघितले. बसलो. थांबलो. आणून दिले. चिकटवले. बघितले. बसलो. ‘मोजले’ अगदी थोड्या वेळा. ‘विचारले’ त्याहून कमी. ‘चुकलो’ सगळ्या वह्यांत मिळून एकदा. त्या एका ‘चुकलो’कडे मी नंतर येणार आहे.

एका मुलाच्या वहीत तिसऱ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत एकच ओळ आहे : ‘आज दिवसभर बसलो.’ पाचव्या दिवशी त्याने इमानदारीने भर घातलीय, ‘एसी होता.’

या मुलाचं घर दिघ्यात, डोंगराच्या उतारावर. आमची बरीच मुलं त्याच पट्ट्यातली, इलठणपाडा, चिंचपाडा, यादवनगर इथली. काहींच्या घराची मागची भिंत म्हणजे एखाद्या कंपनीची कंपाउंड वॉल. तुमच्या शिफ्टच्या भोंग्यावर त्यांच्या घरातलं दूध तापतं. कुठल्या दिवशी कुठल्या चिमणीतून कसला वास येतो ते ती बरोबर सांगतात. आणि यातल्या बहुतेकांनी दहावीपर्यंत एकही गेट ओलांडलेलं नसतं. पहिल्या दिवशी मुलांना घेऊन मी गेटवर उभी राहिले तेव्हा सिक्युरिटीने विचारलं, ‘कोणाकडे?’ मी एचआरमधल्या ज्यांचं नाव सांगितलं, ते रजेवर होते. त्यांच्या जागी असलेल्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं. गेटपास व्हायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ आठ मुलं इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये उन्हात उभी. एकाने मला हळूच विचारलं, ‘मॅडम, आपण चुकीच्या दिवशी आलो का?’

तुमच्यापैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत मुलांना आत घेतलं त्यांचे आभार मानायचे राहू नयेत म्हणून आधीच मानते. मनापासून. घेणारे थोडे आणि ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे फार. पण घेतलं म्हणजे काय केलं, हेही एकदा बोलायला हवं.

मोठ्या कंपनीत मुलांची ओळख बहुधा फेरफटक्याने होते. हिरवा हेल्मेट, पिवळ्या पट्ट्याच्या आतून चालायचं, एक एक्झिक्युटिव्ह पुढे, एक मागे. यंत्रांच्या आवाजात पुढचा काय सांगतो ते मागच्या चौघांना ऐकू येत नाही. मग कॉन्फरन्स रूममध्ये कंपनीची फिल्म, समोसा, फ्रूटी आणि बॅनरसमोर फोटो. फोटोसाठी दोनदा उभं राहावं लागतं, कारण पहिल्या वेळी बॅनरवरचं कंपनीचं नाव मुलांच्या डोक्याआड जातं. वाईट काही नाही, सहल म्हणून उत्तम. फक्त त्याला इंटर्नशिप म्हणायचं नाही.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. पोरं आलीत ना, मग डिस्पॅचला लावा. बॉक्सवर स्टिकर चिकटवा, टेप मारा, जुन्या चलानांचे गठ्ठे महिन्यावार लावा. पहिला दिवस मुलांना आवडतो, काहीतरी हाताला मिळालं म्हणून. चौथ्या दिवशी त्यांना कळतं की हे शिकायचं नाही, उरकायचं काम आहे. खरं सांगायचं तर स्टिकर चिकटवण्यातही शिकण्यासारखं असतं. बॅच नंबर का लागतो, तो चुकला तर माल परत कसा येतो, एका चुकीच्या लेबलामुळे पूर्ण गाडी कशी अडकते, हे मी स्वतः भोगलंय. पण ते कोणीतरी सांगावं लागतं. सांगायला लागतात दहा मिनिटं, आणि ती दहा मिनिटं कोणाच्याच कामात धरलेली नसतात.

माझं सगळं म्हणणं या दहा मिनिटांभोवती फिरतं. मुलांच्या नावाचं सर्टिफिकेट नको, किट नको, टोपी तर नकोच. आम्हाला तुमच्याकडून एक माणूस हवाय, फोरमन, ऑपरेटर, स्टोअरकीपर, कोणीही. दिवसातून अर्धा तास तो माणूस मुलाचा असावा. आणि त्या अर्ध्या तासाबद्दल त्याच्या सुपरवायझरने त्याला ‘आज पीस कमी का?’ असं विचारू नये.

आता तो ‘चुकलो’. वागळे इस्टेटातला एक गाळा. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा जिथे गाळे पडले तीच ही वसाहत. आता तिथल्या अर्ध्या गल्ल्यांत काचेच्या इमारती आहेत आणि खाली कॅफे. या गाळ्यात अजून तीन लेथ, एक मिलिंग मशीन आणि सहा माणसं आहेत. मालकांनी दोन मुलं घेतली, तीही ‘मॅडम, मी सर्टिफिकेट-बिर्टिफिकेट देणार नाही’ असं बजावून. मुलांना त्यांनी लेथ चालवणाऱ्या एका वयस्क टर्नरकाकांच्या हवाली केलं. काकांनी पहिले दोन दिवस त्यांना लेथला हातही लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. लेथचा चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, फिरत असताना लांब बाहीचं काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दहा बुश, म्हणजे भोक असलेले धातूचे गोल तुकडे, टेबलावर मांडले, हातात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर दिला आणि म्हणाले, ‘ड्रॉइंगला चोवीस पॉइंट साठ आहे, प्लस मायनस पाच. यातला एक मी मुद्दाम बाद ठेवलाय. शोधून दे.’

व्हर्नियर मुलाने शाळेत हाताळलेला होता, लाकडाच्या ठोकळ्यावर. इथे त्याने दहाही मोजले आणि एक उचलून दिला, २४.६८ मिलिमीटर, म्हणजे पाच शतांशाच्या सवलतीबाहेर. काकांनी त्या बुशच्या काठावरून अंगठ्याचं नख फिरवलं, तिथे राहिलेली धातूची बारीक कोर, म्हणजे बर, फाइलने दोनदा हलकेच घासली आणि बुश परत मोजायला दिला. मुख्य पट्टीवर चोवीस, सरकत्या पट्टीची एकतिसावी रेघ जुळलेली, एक रेघ दोन शतांशाची. २४.६२. जॉब चांगला निघाला.

वहीत त्या दिवशी लिहिलंय : ‘आज मी चुकलो. काठाला बर होती ती मी मोजली. बर काढल्यावर बरोबर आले. खरा बाद दुसराच आहे. उद्या शोधणार.’

दुसऱ्या दिवशी त्याने तो शोधला. बाहेरून मापात होता, भोक वाकडं होतं. या मुलाला शाळेत ‘लक्ष नाही’ असा शेरा असतो, आणि दहावीच्या त्या वर्षी गणितात तो कसाबसा निघाला. टर्नरकाकांचा हिशेब मी मालकांना विचारला. ते हसले, ‘अहो, जेवणानंतर तंबाखू मळायला बसतात ती वेळ. मळता मळता शिकवलं.’ सीएसआरचं, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचं, बजेट, एमओयूचा करार, लोगो यातलं काहीच लागलं नाही.

यावरून छोटे गाळेवाले चांगले आणि मोठ्या कंपन्या वाईट असा अर्थ कोणी काढू नका. दुसऱ्या एका गाळ्यात मुलांना पाच दिवस चहा आणायला पिटाळलं होतं, तेही वह्यांत आहे. फरक पडतो तो पोर कोणाच्या ओटीत घातलंय हे ठरलेलं असतं की नाही, याने.

आमच्या चुकाही सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. मी नोव्हेंबरात तुमच्या एचआरला फोन करते, दहा दिवसांनी चोवीस मुलं पाठवायची असतात. तेव्हा तुमच्याकडे ऑडिट असतं किंवा दिवाळीनंतरचा साचलेला माल. मला नोव्हेंबरातच आठवण होते, कारण वरून पत्र तेव्हा येतं आणि अहवाल डिसेंबरात मागतात. मुलं काय शिकून आलीत, त्यांना काय येतं, काय अजिबात येत नाही, याचा कागद मी तुम्हाला कधी दिला नाही. मग तुमच्या माणसाने त्यांना एसीत बसवलं तर दोष कुणाचा? दहा दिवसांत मी स्वतः दोनदा आले, तेही सही घ्यायला. आणखी एक गंमत सांगते. मुलांना रोजगाराच्या वाटा दाखवायला नेमलेली मी स्वतः एका एजन्सीमार्फत कंत्राटावर आहे. मार्चनंतर मी असेन का हे मला फेब्रुवारीत कळतं. त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ या तुमच्या वाक्याला मी फार हसू शकत नाही.

तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पहिली भीती कायद्याची. ‘अल्पवयीन पोरं आत दिसली आणि इन्स्पेक्टर आला तर?’ रास्त आहे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायचं नाही आणि चौदा ते अठराच्या मुलाला धोकादायक कामात घालायचं नाही, हे त्यातून पक्कं झालं. ते तसंच राहावं. आमची मुलं चौदा ते सोळाची. ती पगारावर नाहीत, उत्पादनात मोजायची नाहीत, त्यांच्याकडून टार्गेट पुरं करून घ्यायचं नाही. केमिकलच्या प्लांटमध्ये, प्रेसवर, फर्नेसजवळ त्यांना न्यायचंच नाही. मोजणं, तपासणं, स्टोअरची नोंद, ड्रॉइंग वाचणं, पॅनेलची जुळणी, पॅकिंगची तपासणी यांतच दहा दिवस सहज जातात. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदा वेगळा, त्यात या मुलांना गुंतवू नका. पण त्या कायद्याने तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचेच असतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते उमेदवार दोन-तीन वर्षांनी आमच्याच वस्तीतून येणार आहेत. त्यातला कोण व्हर्नियर धरून आलेला आणि कोण नुसता बसून आलेला, याचा फरक तुमच्याच शॉपफ्लोअरवर पडेल.

अपघात विमा कोणी उतरवायचा, हे आपण कधी बोललोच नाही. शाळा म्हणते कंपनी, कंपनी म्हणते शाळा. आजवर काही घडलं नाही म्हणून निभावलं. या वर्षी मूल गेटच्या आत जाण्याआधी हे कागदावर हवं, आणि मला वाटतं ते शाळेच्या बाजूने व्हावं.

सेफ्टी शूजचं तर तुम्हाला सांगूनच ठेवते. गेल्या वर्षी एका ठिकाणी सगळ्यात लहान नंबर सात होता. आमच्या मुलींना चार लागतो. एकीने दोन मोजे घालून आणि पुढे कागद कोंबून दिवस काढला, दुसऱ्या दिवशी तिला ‘तू ऑफिसातच बस’ असं झालं. आठ मुलींपैकी सहा जणी कुठल्या ना कुठल्या कारणाने ऑफिसातच बसल्या. कुठे बुटांमुळे, कुठे शॉपफ्लोअरवर बायकांचं टॉयलेट नाही म्हणून, आणि एका ठिकाणी तर ‘मुली आहेत, रिसेप्शनला शोभतात’ म्हणून. तिथल्या एकीच्या वहीत लिहिलंय, ‘पाहुण्यांना बुके दिले.’ तीन दिवस बुके. एरवी ही मुलगी घरातला मिक्सर स्वतः उघडून दुरुस्त करते.

याच्या उलट रबाळ्यात इलेक्ट्रिकची पॅनेल बनवणारं एक छोटं युनिट आहे, तिथे वायरिंगला निम्म्या बायका आहेत. तिथे गेलेल्या मुलीला एका ताईंनी लग क्रिंप करायला, म्हणजे वायरच्या टोकाला धातूची टोपी दाबून बसवायला, दिलं. पहिले पाच क्रिंप करून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘आता वायर ओढून बघ. जोरात.’ पाचातले दोन निघून हातात आले. ‘हे पॅनेलमध्ये गेले असते तर सहा महिन्यांनी तापून जळले असते,’ एवढंच त्या बोलल्या आणि आपल्या कामाला लागल्या. शाळेत मी ‘लूज कनेक्शन धोकादायक असते’ हे फळ्यावर तीन वर्षं लिहितेय. ती आता आमच्या लॅबमधली प्रत्येक वायर ओढून बघते, त्यात दोन सॉकेट आम्ही गमावले. तक्रार नाही.

रबाळे, महापे, ऐरोलीत जी डेटा सेंटर उभी राहिली आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द वेगळे. मुलांना वाटतं तिथे आत फक्त इंग्रजी बोलणारी कॉम्प्युटरवाली माणसं असतात. आत जनरेटर असतात, चिलर असतात, यूपीएस आणि बॅटऱ्यांच्या खोल्या असतात, आणि ते सगळं रात्रंदिवस चालू ठेवणारे इलेक्ट्रिशियन नि एसीचे मेकॅनिक असतात, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. सर्व्हर रूममध्ये नेऊ नका, समजू शकते. तुमच्या युटिलिटीच्या माणसाला तासभर आमच्या वर्गात पाठवा. प्रेझेंटेशन नको. त्याने आपल्या बॅगेतली हत्यारं टेबलावर काढून ठेवावीत आणि रात्रपाळीत लाइट गेली तेव्हा काय काय केलं ते सांगावं.

आता त्या मूल्यमापनाच्या फॉर्मबद्दल. दहा दिवस संपल्यावर तुम्ही जो भरून देता तो. वक्तशीरपणा, शिस्त, काम करण्याची तयारी, समोर ‘उत्तम, चांगले, साधारण’. चोवीसच्या चोवीस मुलांना सगळीकडे ‘उत्तम’. जो पाच दिवस एसीत बसला त्यालाही, आणि जो चौथ्या दिवसानंतर आलाच नाही त्यालाही. तुमचा एखादा व्हेंडर सगळा लॉट शंभर टक्के पास दाखवणारा इन्स्पेक्शन रिपोर्ट घेऊन आला तर तुम्ही काय कराल? मी असते तर लॉट उघडून बसले असते. मुलांचं वाईट होऊ नये म्हणून तुम्ही असं लिहिता, ते कळतं. पण त्या कागदावरून मला काहीच करता येत नाही. टर्नरकाकांना मी तोंडी विचारलं तर म्हणाले, ‘मोजतो चांगलं, पण आकडा लिहायला विसरतो. आणि भूक लागली की चिडतो.’ मी मुलाला त्याच आठवड्यात खिशात छोटी वही ठेवायला लावली, डब्याचंही बघितलं. मला असा शेरा हवा. मोडक्या मराठीत, हिंदीत, फोनवर, कसाही.

या वर्षीसाठी माझं मागणं थोडकं आहे. जुलैत, शनिवारी दुपारी, तासभर भेटा. मालक किंवा एचआर आले तर बरंच, पण मुलं ज्याच्या हाताखाली राहणार आहेत तो माणूस यायलाच हवा. मी मुलांना काय येतं त्याचा एक पानी कागद आणीन, तुम्ही तुमच्या इथलं एक काम सांगा, मुलाने मोजून, तपासून किंवा जुळवून दाखवता येईल असं. तारखा तुमच्या सोयीने ठरवू. नोव्हेंबर नको तर जानेवारी. वरच्या अहवालाचं मी बघून घेईन, ओरडा खायची सवय आहे. आणि इंटर्नशिप झाल्यावर पुन्हा एकदा बसू, मुलांच्या वह्या मध्ये ठेवून. त्या वेळी मुलंही असतील, आणि तुमच्याकडे काय आवडलं नाही हे ती तोंडावर सांगतील. त्याची तयारी ठेवा. माझ्याबद्दलही सांगतील.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली पाठवायचं लिहिलंय, म्हणजे लवकरच आमच्याहून लहान मुलंही दारात येतील. त्यांना तरी गेटवर पाऊण तास उभं राहावं लागू नये.

या वर्षी माझी सव्वीस मुलं आहेत, त्यात अकरा मुली. बुटांचे नंबर सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. ज्या दिवशी यायचं ठरेल त्याच्या आदल्या संध्याकाळी मुलांची नावं सिक्युरिटीच्या केबिनमध्ये पोचवून ठेवा, आणि पहिल्या पाळीचा वॉचमन सुटून दुसरा येतो तेव्हा त्यालाही सांगा.

आपली,
मल्टी स्किलची मॅडम
रबाळे, नवी मुंबई